एकोणतिसाव्या पानावरचं तिसरं टिंब

इथे कुणी अनुभव लिहिला की खाली "दाराला कडी होती का? त्या दिवशी ताप होता का?" असे प्रश्न विचारणारी जी एक खवट बाई आहे ना, ती मी. शाळेत विज्ञान शिकवते. अमावस्या, उतारे, तिठ्यावरचा नारळ – कोकणात राहून यातल्या कशालाच मी कधी भीक घातली नाही. तेव्हा आज मीच लिहायला बसले आहे म्हटल्यावर हसा खुशाल. फक्त हसून झालं की कुठे चुकतंय ते सांगा. मला खरंच हवंय.

गोष्ट २००४ सालची, रत्नागिरीतली. घरात आई आणि मी, दोघीच. आप्पा – माझे वडील – आदल्या श्रावणात गेले. आमची गोळपला आंब्याची कलमं, त्यामुळे आप्पांचा जन्म बागेत आणि पेट्या भरण्यात गेला. माणूस अबोल म्हणजे किती, तर जेवताना मीठ हवं असलं तर मिठाकडे बघायचे. आईने ते ओळखायचं.

आई उलट. वाचनवेडी, त्यातही प्रेमकथांची. गावातल्या एका लहानशा वाचनालयाची ती लग्न झाल्यापासूनची सभासद. पण आप्पा गेले आणि पाठोपाठ तिचे डोळेही गेल्यात जमा झाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, "लवकर करून घ्या, जास्त पिकला तर अवघड होईल." आई ढिम्म. "बघायचं काय राह्यलंय आता?" हे तिचं एकच उत्तर. मी रागावले, रडले, मुंबईहून भावाला बोलावून घेतलं. उपयोग शून्य!

तिचं खरं दुखणं वेगळं होतं. एकदा गवार मोडता मोडता म्हणाली, "अडतीस वर्षं संसार केला गो. पण ह्यांनी एकदा म्हणून विचारलं नाही, काय वाचत्येस म्हणून. माणूस कसा होता तेच मला कळलं नाही, आणि गेला." मलाही कुठे कळला होता.

त्या जानेवारीत वाचनालयाच्या शुभदाताईंनी एक टूम काढली. महिन्याला एक प्रेमकथा, असे बारा महिने. महिनाअखेरीच्या आत पुस्तक परत करायचं आणि वहीत चार ओळी अभिप्राय लिहायचा. बाराच्या बारा पुरे करील त्याने वाचनालयासाठी पाच नवी पुस्तकं निवडायची. मी म्हटलं, आईला दिसत नाही आणि मला असल्या गोष्टींत रस नाही. तर शुभदाताई म्हणतात, "मग तुम्ही वाचून दाखवा की वहिनींना! दोघींची मिळून एक एंट्री धरते."

अशी मी अडकले. आता जरा डोळ्यांसमोर आणा – छत्तीस वर्षांची अविवाहित शिक्षिका, समोर आई, आणि पुस्तकात नायक नायिकेचा हात धरतोय. मी खाकरायचे, पाणी प्यायचे. आई शांतपणे म्हणायची, "थांबलीस का? वाच पुढे. मला माहित्ये काय होतं ते."

आता मुद्दा, नीट वाचा. वाचनालयातल्या जुन्या बायकांची एक रीत असते. तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून वाचून झालं की एका ठरावीक पानावर आपली खूण करायची. कुणी बारीक फुली मारतं, कुणी कोपऱ्यात टिकलीएवढा ठिपका देतं. पुस्तकं खराब करू नका अशी पाटी समोर असते, म्हणून सगळ्या हे चोरून करतात आणि सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं. आईची खूण अठ्ठाविसाव्या पानावर, आकड्याभोवती पेन्सिलीने गोल. या बारांतली पहिली काही पुस्तकं जुनीच निघाली, आधी वाचलेली. "विसरल्ये मी, वाच तू," म्हणायची.

मार्चमध्ये माझ्या लक्षात आलं की आईचा गोल असतो त्याच्या समोरच्याच पानावर, एकोणतिसाव्या, आणखी एक खूण असते. एक आडवी रेघ, तिच्यावर तीन टिंबं. पहिली दोन जवळजवळ आणि तिसरं जरा लांब.

झालं! माझ्यातली मास्तरीण जागी झाली. वाचनालयात जाऊन मी चाळीसेक कादंबऱ्या काढल्या आणि कागदावर तक्ता केला. आईचा गोल आहे तिथे तीन टिंबं आहेतच. गोल नाही तिथे टिंबं नाहीत. एकही अपवाद नाही. म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं आईच्या मागोमाग तीच पुस्तकं वाचत होतं. कोण? वाचनालयातल्या एकेकीला आडून विचारलं, पण चोराच्या मनात चांदणं... जी ती "छे हो, मी नाही पुस्तकावर लिहीत" म्हणून मोकळी. शुभदाताईंना विचारलं तर त्या एकदम रजिस्टर शोधायला लागल्या. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

आप्पांचं वर्षश्राद्ध झालं त्या दुपारी सहज आईला म्हटलं, "तुझ्या मागावर कोणीतरी आहे बघ. एकोणतिसाव्या पानावर खूण करतं. रेघ आणि वर तीन टिंबं."

आईचा वाती वळणारा हात थांबला. "तिसरं टिंब लांब आहे?"

मी हे तिला सांगितलं नव्हतं. "तुला कसं कळलं?"

"अगो खुळ्ये," आई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "पेटीवरचा मार्का तो. ह्यांचा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आंब्याच्या प्रत्येक बागायतदाराचा एक मार्का असतो, वाशीच्या दलालाला माल कुणाचा ते कळावं म्हणून पेटीवर काढतात. जन्मभर मी तो हाताच्या पंजाएवढा, काळ्या रंगात बघितलेला. पेन्सिलीने मुगाएवढा काढलेला ओळखलाच नाही. आणि तिसरं टिंब लांब का? तर जुन्या लाकडी पेटीला दोन फळ्यांमध्ये फट असायची. कुंचला फटीत जाऊ नये म्हणून आप्पा तिसरं टिंब पलीकडच्या फळीवर द्यायचे. पुढे पुठ्ठ्याचे खोके आले, फट गेली, पण त्यांचा हात तिथे उडी मारायचाच.

दुसऱ्या दिवशी आईला हाताला धरून वाचनालयात नेलं. शुभदाताईंनी आमचे चेहरे बघितले आणि चष्मा काढून ठेवला.

"वहिनी, त्यांनी शब्द घेतला होता हो माझ्याकडून. तुमचं पुस्तक बदलायला यायचे ना, ते आधी त्या खिडकीशी बसून स्वतः वाचायचे. रोज तासभर. ओळीखाली बोट धरून, सावकाश. संपलं की तुमच्यासाठी दुसरं न्यायचे. 'हिला कळलं तर हसेल' म्हणाले."

आईने खिडकीकडे मान वळवली. मग एकदम कडाडली, "मेलं वाचनालय बंद!"

मला काही कळेना. मग उलगडा झाला. आप्पा पुस्तक बदलायला घेऊन जायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. विचारलं की, "वाचनालय बंद होतं." कधी चार दिवस, कधी आठ. आई इतकी वर्षं त्या वाचनालयाच्या सुट्ट्यांना शिव्या घालत आली होती. "मी घरात पुस्तकाविना तळमळत्ये, आणि हा माणूस इथे बसून माझंच पुस्तक वाचतोय! आणि ताकास तूर लागू देईल तर शपथ!" ती हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. शुभदाताई रडल्या. मीही रडले, लपवत नाही.

रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "डॉक्टरांना फोन कर. मला ते माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

इथपर्यंत सगळं सरळ आहे. यात अमानवीय काही नाही, एक लाजरा माणूस आहे, एवढंच. आता पुढचं.

नोव्हेंबरात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्या महिन्याची कादंबरी कोरी, त्याच वर्षी निघालेली. पुण्याहून आलेलं पार्सल शुभदाताईंसमोर मी माझ्या हाताने फोडलं. कव्हर मी घातलं, शिक्के मी मारले. आप्पांना जाऊन सव्वा वर्ष झालेलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत निम्मी वाचली आणि आईला घरी आणल्यावर उरलेली संपवली. सत्तावीस तारखेला आईच्या सांगण्यावरून अठ्ठाविसाव्या पानावर मी गोल काढला. समोरचं पान कोरं होतं. मी मुद्दाम बघितलं, सवयच लागली होती.

"आता राहू दे घरात तीन दिवस," आई म्हणाली. "ह्यांच्या खुर्चीवर ठेव."

"आई, पुरे हं. तीस तारखेच्या आत द्यायचंय, नाहीतर आपण बाद."

"ठेव म्हटलं ना!"

ऑपरेशन झालेल्या बाईशी वाद कोण घालणार? ठेवलं. आप्पांची वेताची खुर्ची पडवीत असते. तीसला सकाळी शाळेत जाताना पुस्तक पिशवीत टाकलं, आणि काय वाटलं कोण जाणे, उघडून बघितलं.

रेघ. दोन टिंबं. आणि तिसरं लांब.

आधी मला राग आला, खरं सांगते. वाटलं, कुणीतरी क्रूर चेष्टा करतंय. पण कोण? आईच्या उजव्या डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. डाव्या डोळ्याने तिला समोरचं पाण्याचं भांडं सापडत नव्हतं, चमच्याने मी भरवत होते. भांड्यांना येणाऱ्या सुमनला मी तीन दिवस सुट्टी दिली होती, घरात धूळ उडायला नको म्हणून. मी एकोणतीसपर्यंत रजेवर, घरातच. बाहेरचं कुणी आलं नाही. शुभदाताईंवरही संशय घेतला, त्यांना देवापुढे उभं करून विचारलं. बिचाऱ्या पांढऱ्या पडल्या, "नाही हो," म्हणाल्या. आणि तसंही गोल काढल्यापासून पुस्तक आमच्याच घरात होतं.

मीच झोपेत खूण काढली असेल? हाही विचार केला. काढून बघितली – पन्नास वेळा. मला माहीत असूनही माझं तिसरं टिंब एकतर चिकटायचं नाहीतर फार लांब जायचं. आप्पांची पेट्यांच्या हिशेबाची जुनी वही काढून शेजारी ठेवली. अंतराला अंतर, तिरकेपणाला तिरकेपणा, तंतोतंत.

आईला सांगितलं. तिने विचारलं, "तीन दिवसांत वाचून झालं ह्यांचं? एवढ्या लवकर?" तिला फक्त त्याचंच आश्चर्य वाटलं.

मी तिथेच सोडणार नव्हते. डिसेंबरचं पुस्तक आईचा गोल झाल्यावर शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूप लावून आठवडाभर ठेवलं. किल्ली माझ्या गळ्यात. काही उमटलं नाही. आई मात्र माझ्यावर उखडली. "शाळेत कशाला नेलंस? ते कधी शाळेत यायचे का तुझ्या?" मुकाट्याने आणून खुर्चीवर ठेवलं. एकतीस तारीख आली. मी म्हटलं, "आज नाही दिलं तर अकरावरच अडकू. पाच पुस्तकं निवडायची ना तुला?"

"निवडू देत दुसऱ्या कुणाला. ह्यांचं झालं नाही अजून. सावकाश वाचायचे ते."

आणि आम्ही बाद झालो! जन्मात मी कुठला अभ्यास अपुरा ठेवला नव्हता. चार जानेवारीला खूण दिसली. पण तोवर आईला एका डोळ्याने स्वच्छ दिसायला लागलं होतं, म्हणून हा पुरावा मी धरत नाही. तिच्याकडूनही मी कागदावर खूण काढून घेतली होती, दोन्ही हातांनी. तिची तिन्ही टिंबं एकमेकांना चिकटून येतात. तरीही धरत नाही.

नोव्हेंबरचं मात्र धरावंच लागतं. ते पुस्तक अजून वाचनालयात आहे. भिंगाखाली बघून झालं, चित्रकलेच्या सरांना दाखवून झालं. "एकाच हाताचं वाटतं," म्हणाले आणि चहा पिऊन गेले. माझ्याकडे उत्तर नाही. पाच वर्षं झाली, अजून नाही.

आता आईचे दोन्ही डोळे ठणठणीत आहेत. पुस्तक ती स्वतः वाचते, अठ्ठाविसाव्या पानावर गोल काढते आणि खुर्चीवर ठेवते. पुढे एकोणतिसावं पान तीच बघते, मला सांगत नाही. मीही विचारत नाही. खवट असले तरी इतकी नाही.

परवा तिच्याबरोबर वाचनालयात गेले होते. शुभदाताईंनी तारीख बघून विचारलं, "वहिनी, यावेळी आठ दिवस उशीर?"

आईने पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणाली, "काय करू हो, वाचनालय बंद होतं."