अण्णांच्या घरी एकही धड टॉवेल नाही

अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हातात टॉवेल घेऊन पाण्याच्या पिंपाशी उभे होते. अक्कलकोटला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं आणि मी मांडव घालणाऱ्या टोळीत होतो. त्या टोळीत कसा गेलो ते सांगायला बसलो तर हा लेख सांगोल्याकडून, आमच्या मेंढरांपासून सुरू करावा लागेल, म्हणून ते राहू द्या. बांबू उभे झाले, जेवणाची पानं मांडली, आणि हात धुऊन येणाऱ्या प्रत्येकाला पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ टॉवेल देत होते. कुणाशी कन्नडात बोलत होते, कुणाशी मराठीत. मला वाटलं, घरातले कुणी काका असतील. हात पुसताना पाहिलं तर टॉवेलात या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक उभी रेघ. विणताना एक धागा तुटलेला. आमच्याकडं घोंगडी विणतात, त्यामुळं एवढं कळतं. मी म्हणालो, "काका, तुमाला कुणीतरी फसवलंय. ह्यात धागा न्हाय."

त्यांनी टॉवेल उजेडाकडं धरला. "व्हय की तम्मा," ते म्हणाले. "मीच फसवलंय मला."

आजूबाजूचे हसायला लागले. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. तेव्हापासून आजपर्यंत अण्णांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही. आणि ते काका म्हणजे श्री. चन्नवीर हळकुंडे, चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या चार कारखान्यांचे मालक, हे मला भात वाढणाऱ्यानं सांगितलं. जेवणं उरकल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी एवढंच विचारलं, की रेघ दिसायला किती वेळ लागला. मी म्हणालो, वेळ कसला, दिसली. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर उभा होतो.

अण्णांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठ्या लोकांचे लेख आहेत. त्यांनी अण्णांच्या उद्योगाबद्दल लिहिलंच असेल. मला टेबलाबद्दल लिहायचंय. मागावरून उतरलेला प्रत्येक नग त्या टेबलावर पसरतात आणि हातानं, डोळ्यानं तपासतात. टेबलाच्या प्रमुख नरसक्का. घरी तेलुगू, टेबलावर मराठी, आणि माल खराब आला तर दोन्ही. रोज सकाळी दहाला अण्णा येऊन टेबलाच्या कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीवर बसत आणि आम्ही पास केलेल्या ढिगातून मनाला येईल तो नग ओढून काढत. खोट सापडली तर कुणाला बोलत नसत. तो नग घडी करून आपल्या पिशवीत घालत आणि घरी नेऊन स्वतः वापरत. नियम त्यांनीच केलेला. आपल्या नावानं खोट बाहेर जाता कामा नये, आणि राहून गेली तर ती मालकानं अंगाला लावायची. आम्हाला त्या पिशवीची जेवढी लाज वाटायची तेवढी शिव्यांची वाटली नसती. वहिनी सगळ्यांसमोर म्हणतात, चार कारखाने आहेत, पण पाहुण्यापुढं ठेवायला घरात एक धड टॉवेल नाही. खरंच नाही. मी मोरीपर्यंत जाऊन बघून आलोय.

त्यांच्या मनाच्या मोठेपणाचा दाखला द्यायचा तर मलाच उभं करावं लागेल. मी ती नोकरी तीनदा सोडली. एकदा गोव्याला हॉटेलात गेलो, एकदा चुलत्याच्या मेंढरांमागं कर्नाटकात, आणि तिसऱ्यांदा का गेलो ते मलाही नीट आठवत नाही, बहुतेक एक ट्रक तिकडं चालला होता. दर वेळी परत आलो की अण्णा मला खुर्चीशेजारी बसवत आणि काय काय पाहिलंस ते विचारत. मेंढरांच्या वेळी तर त्यांनी तासभर ऐकलं. शेकडो मेंढरांत लंगडणारं एक कसं ओळखता, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, सगळ्यांकडं एकदम बघायचं, जे चुकतं ते आपोआप डोळ्यात येतं. ते नरसक्कांना म्हणाले, हे टेबलावर लिहून लावा. त्यांनीच मला बाहेरून बारावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला. मी दुसऱ्या पेपरनंतर केंद्रावर गेलो नाही. अण्णांनी त्याबद्दल आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही, आणि तेच जास्त लागतं.

आता मंत्रिपदाकडं येतो. अण्णांना मंत्रिमंडळात घ्यायचं ठरलं ही बातमी आली त्या दिवशी मुंबईहून दोन साहेब त्यांच्या घरी आले होते. चहाआधी हात धुतले आणि त्यांच्या हातात रेघेचे टॉवेल आले. त्यातल्या एकानं हळूच विचारलं म्हणे, की सर, कारखान्यात काही अडचण आहे का.

संध्याकाळपर्यंत शहरात नवी पेठेत अभिनंदनाचे बोर्ड लागले. मी रिक्षानं तिकडून चाललो होतो. रिक्षावाला बोर्डाकडं बघून म्हणाला, "पैसेवाल्याचं बरं असतंय. मतं बी मागायला नगं, डायरेक्ट मंत्री." मी भांडणार होतो, पण भाडं देऊन उतरलो. कारण मलाही तसंच वाटत होतं. निवडून न येता मंत्री होता येतं, फक्त सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहात जावं लागतं, हे मला तेव्हा नुकतंच कळलं होतं. गौरवाच्या लेखात हे लिहावं का, मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, अण्णांना विचारा. अण्णा म्हणाले, लिही.

कारण हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दहाला ते टेबलावर आले तेव्हा रिक्षावाल्याचं बोलणं जसंच्या तसं सांगून टाकलं. मॅनेजर साहेबांनी मला डोळ्यानं दाबायचा प्रयत्न केला. अण्णा हातातली चादर चाचपत राहिले. "खरं बोलला की तो," ते म्हणाले. "मला एका माणसानं बी मत दिलेलं न्हाय. म्हणून तर हात जास्त धुवायला पायजेत."

मग त्यांनी सांगितलं की वस्त्रोद्योग खातं आपण घेणार नाही. कारखान्यातलं संचालकपद सोडणार. आणि आपण मंत्री आहोत तोवर कारखाना सरकारचं एकही काम करणार नाही. मॅनेजर साहेबांचा चेहरा उतरला. कारण सरकारी दवाखान्यांच्या चादरींचं मोठं काम रीतसर टेंडर भरून आम्हाला आधीच मिळालेलं होतं आणि दुसऱ्या शेडमधले सगळे माग त्याच कामाच्या भरवशावर चालणार होते. अण्णांनी ते काम सोडायचं पत्र खिशातून काढून टेबलावर ठेवलं.

 पहिल्या बोलल्या त्या नरसक्का. त्यांचा मुलगा आणि सून, दोघंही दुसऱ्या शेडमध्ये मागावर.

"अण्णा, तुमचे हात स्वच्छ ऱ्हातील," त्या म्हणाल्या. "आमच्या हातात काय ऱ्हाईल ते सांगा."

अण्णांनी हातातली चादर टेबलावर ठेवली.  ते म्हणाले, की शपथेला दहा दिवस आहेत, तेवढे मला द्या. पत्र त्यांनी परत खिशात घातलं नाही.

ज्या दहा दिवसांत हार-गुच्छ घ्यायचे ते दहा दिवस अण्णांनी चादरींचे नमुने खांद्यावर घेऊन घालवले. बरोबर मी, कारण फिरायचं म्हटलं की त्यांना मी आठवतो. हुबळी, बेंगळुरू, हैदराबाद. लॉजवाले, हॉटेलवाले, वसतिगृहं. चाळीस वर्षांपूर्वी वडिलांच्या मालाची गाठोडी घेऊन ते असेच फिरत, हे मला रस्त्यात कळलं. पण आता अडचण वेगळी होती. टीव्हीवर बातमी पाहिलेला दुकानदार खुर्ची पुसून द्यायचा आणि म्हणायचा, साहेब, तुम्ही कशाला आलात, म्हणाल तेवढा माल घेतो. अण्णा तिथून उठायचे. बेंगळुरूतल्या अशा एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून उठलो तेव्हा मी जिन्यात वैतागून म्हणालो, अहो अण्णा, शेडचा विचार करा. त्यांनी विचारलं, की त्यानं चादर उलगडून तरी पाहिली का. नव्हती पाहिली. ते म्हणाले, न बघता घेतलेला माल मंत्री असेपर्यंत टिकतो, नंतर परत येतो. हैदराबादला एका म्हाताऱ्या लॉजमालकांनी मात्र त्यांना ओळखलं नाही. चादर पाण्यात भिजवली, पिळली, दुसऱ्या दिवशी या म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी भावावरून भांडले. अण्णा इतके खूश मी कधी पाहिले नाहीत.

शपथेच्या आदल्या दिवशी आम्ही चिंचोळीला परतलो. सकाळचे दहा वाजले होते, पण अण्णा खुर्चीवर बसले नाहीत. ते नरसक्कांसमोर उभे राहिले. दुसऱ्या शेडचं काम मिळालंय, म्हणाले, फक्त बारा मागांचं जमलं नाही. त्या मागांवरच्या बारा जणांना पहिल्या शेडमध्ये पाळ्या वाटून देता येतील, पण त्यामुळं सगळ्यांच्याच पाळ्या थोड्या कमी होतील. तुम्ही नको म्हणालात तर मी उद्या मुंबईला जात नाही.

हे ते खरंच म्हणत होते. मुंबईचं तिकीट मीच काढलेलं होतं, त्यामुळं मी खिसा चाचपला.

नरसक्का शेडमध्ये गेल्या. तिथं काय बोलणं झालं मला माहीत नाही. बऱ्याच वेळानं आल्या आणि टेबलाखालच्या खोटीच्या ढिगातून एक टॉवेल ओढला. मधोमध उभी रेघ असलेला. त्यांनी त्याची नीट घडी केली आणि अण्णांच्या हातात दिला.

"जावा," त्या म्हणाल्या. "पाळ्या आमी वाटून घेताव. सरकारी बंगल्यात धड टॉवेलच मिळतील तुमाला. हा मोरीत टांगा. रोज तोंड पुसताना बारा माग दिसले पायजेत."

शपथ होऊन आता दोन महिने झालेत. अण्णांना दुसरं खातं मिळालं आहे. त्यांच्या बंगल्यावर जाऊन आलेले लोक सांगतात, की मोरीत एक रेघेचा टॉवेल आहे आणि तिथल्या शिपायानं तो दोनदा काढून ठेवला होता. बारापैकी सात माग पुन्हा सुरू झालेत. पाचांवर अजून कापड झाकलेलं आहे. दर सोमवारी मुंबईहून नरसक्कांना फोन येतो आणि पहिला प्रश्न त्या पाच मागांचा असतो. लाकडी खुर्चीवर सध्या मी बसतो. अण्णांनीच बसवलं. सापडलेल्या खोटीचे टॉवेल मी माझ्या खोलीवर नेतो. आता माझ्याकडंही धड टॉवेल राहिलेला नाही, आणि या दोन महिन्यांत दारावरून बरेच ट्रक गेले.

साठीच्या माणसाला शंभर वर्षांचं आयुष्य चिंतायची रीत आहे, ते तर मी मनापासून चिंततोच. गुडघे चालते राहोत, झोप शांत लागो, वहिनींची साथ राहो. पण देवाकडं वेगळं मागायचं तर मी त्यांची नजर अशीच राहो एवढं मागेन. अण्णांच्या पंचाहत्तरीला पद असेल नसेल, ते चिंचोळीला येतील तेव्हा हात धुऊन झाल्यावर मी त्यांच्यापुढं टॉवेल धरीन. त्यात एक धागा गेलेला असेल. कुणी सांगायच्या आत त्यांना तो दिसावा. तोवर मी इथंच असेन, बहुतेक.