सुमनताईंचे बावन्न किलो

जनावरांच्या दवाखान्यातल्या मदतनीस सुमनताई आमच्या बोक्याला कडेवर घेऊन काट्यावर चढतात. आलेल्या आकड्यातून त्यांचे बावन्न किलो वजा केले, की उरतं ते बोक्याचं वजन. आज ते दोन किलो कमी भरलं. घरी तर तो ताटली चाटूनपुसून खातो. डॉक्टरही गोंधळले. शेवटी म्हणाले, "ताई, तुम्ही एकट्याच उभ्या राहा बघू."

पन्नास.

"डबा खाता ना दुपारी?"

"वेळ मिळाला तर, डॉक्टर."

दिवसभर सगळ्यांची वजनं करणाऱ्या ताईंचं वजन शेवटचं कधी केलं होतं, तिघांनाही आठवेना. माझा मात्र जीव भांड्यात पडला होता. बोका ठणठणीत होता. मी मोठ्यानं हुश्श केलं आणि मग कुठे बघावं ते कळेना, कारण ताई अजून काट्यावरच उभ्या होत्या.