कपाट नऊ : खाली

कुसुमताई देवळे यांची आणि माझी ओळख त्यांच्या रागावण्यातूनच झाली. सांवेर रोडच्या कारखान्यात वेल्डिंग करून सुटीच्या दिवशी मी इंदूरच्या एका जुन्या संग्रहालयात चित्रं काढायला जात असे. एका मूर्तीच्या चेहऱ्याजवळ मी पेन्सिल नेली मात्र, मागून खास इंदुरी हाक आली, “भिया, नजरेनं बघा, हातानं नको!” ताई तिथल्या भांडाराच्या, म्हणजे दालनात न मांडलेल्या वस्तूंच्या कोठाराच्या, प्रमुख होत्या. पाचच मिनिटांत त्यांनी स्वतः स्टूल आणून दिलं आणि विचारलं, “या बाईच्या हातात काय असेल हो?” मूर्तीचा हात तर तुटलेला होता. मी चक्रावलो.

पुढे वरिष्ठांशी भांडून ताईंनी आम्हा चार नव्या कलाकारांसाठी बंद भांडार उघडून घेतलं. अट एकच: वर्षभरात आम्हा चौघांचं प्रदर्शन झालं नाही, तर दार पुन्हा बंद. तिघांना विषय सापडले, मी मात्र कोराच. महिना उरला तेव्हा मी नवव्या कपाटाकडे बोट दाखवलं.

“ते खाली आहे ना, चिठ्ठी लावलीय,” ताई म्हणाल्या, “टाइम खराब नका करू.”

मी हट्टानं उघडायला लावलं. वरचे कप्पे रिकामेच होते. तळाच्या ड्रॉवरमध्ये मात्र तुटलेले दगडी हात निघाले, चांगले वीस-पंचवीस.

ताईंनी चष्मा लावून चिठ्ठी पुन्हा वाचली. “अरे देवा! हे तर माझंच अक्षर!”

नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी मराठीत ‘खाली’ लिहिलं होतं, म्हणजे तळाशी. इतकी वर्षं हिंदीत कामकाज करता करता त्या स्वतःच ते ‘रिकामं’ असं वाचू लागल्या होत्या. हसत हसत त्या फरशीवर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत एकेक हात उचलून विचारत राहिल्या, “हा देणारा की मागणारा?” त्या प्रश्नांतूनच माझे लोखंडी हात घडले. प्रदर्शन झालं, दार उघडं राहिलं. दुसऱ्या कुणी ती चिठ्ठी गुपचूप फाडली असती. ताईंनी ती काचेत घालून माझ्या कामाशेजारी लावली. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

निवृत्तीनंतरही त्या नव्या कलाकारांना घेऊन भांडारात येतात. परवा गुडघा धरून म्हणाल्या, “आता खाली नाही बसवत हो.”

ताई, गुडघे लवकर बरे होवोत, आपण शंभरी पाहावी आणि मराठीतलं खाली बसणं आपल्याला पुन्हा जमावं. हिंदीतलं ‘खाली बैठना’, म्हणजे नुसतं रिकामं बसणं, ते मात्र आपल्याला कधीच जमलेलं नाही, आणि जमूही नये.