छापखान्यातली खिडक्यांची पंगत

दुकानात कॉम्प्युटर एकच असला आणि त्याच्यामागे उभं राहून सूचना देणारे दहा असले, की किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साचत जातात. वडशात देवरावभाऊंच्या छापखान्यात मी ऑपरेटर होते, तेव्हाचे हे. विंडोज अठ्ठ्याण्णवचा जमाना, माऊसच्या पोटात गोळी! दिवाळी झाली की झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन सुरू. गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा भरणार, त्या रात्री पहाटेपर्यंत नाटक चालणार आणि त्याची पत्रकं आमच्याकडे छापायला येणार.

दोन मोठ्या नाटक कंपन्या आमच्या गिऱ्हाईक होत्या. एक गुलाबभाऊंची, दुसरी मधुकरभाऊंची. दोघांतून विस्तव जात नसे. त्यामुळे दुकानाचा नियम एकच होता, पत्रक गावात वाटलं जाईपर्यंत एकाचं दुसऱ्याला दिसता कामा नये. दिसलं, तर दोघंही ब्रह्मपुरीच्या छापखान्यात जाणार आणि देवरावभाऊंचा सीझन बुडणार. दुकान वर्षभर त्या सीझनवरच तर चालायचं.

*

नटांची नावं हा नाजूक मामला. मागच्या वर्षी वर असलेलं नाव यंदा खाली सरकलं, की तो नट भांडायला दुकानात हजर. म्हणून जुनं आणि नवं पत्रक स्क्रीनवर शेजारीशेजारी ठेवून ताडून पाहावं लागे. खिडक्या माऊसने ओढून ओढून माझं मनगट भरून यायचं. शेवटी एका कॉम्प्युटर मासिकात वाचून मी नोटपॅडमध्ये चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. आयकॉनवर डबल क्लिक केलं, की उघड्या असतील तेवढ्या सगळ्या खिडक्या उभ्या पट्ट्यांमध्ये एकमेकींना चिकटून बसत.

देवरावभाऊ खुर्चीतून उठून बघायला आले. म्हणाले, "ही तं पंगत बसली." मी आयकॉनचं नावच 'पंगत' ठेवलं.

*

पहिल्याच आठवड्यात पंगतीने घरचाच माणूस पकडला. मी डबा खाऊन आले, पंगत बसवली, तर दोन पत्रकांच्या मधे पत्त्यांचा गेम! डाव अर्धा झालेला. दुपारी माझ्या खुर्चीवर देवरावभाऊंशिवाय कोणी बसत नसे, हे सगळ्या दुकानाला माहीत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि शांतपणे सांगितलं, "याले उठवा, हा बिनबोलावता आला."

*

एकदा कामाची अशी झुंबड होती, की स्क्रीनवर खिडक्याच खिडक्या. पंगत बसवली तर एकेकीला जेमतेम बोटभर जागा. तेवढ्यात एटापल्लीकडचे एक मंडईवाले आपलं पत्रक बघायला आले. त्यांच्या नाटकाची उंच, चिंचोळी पट्टी झालेली! मी घाईघाईने सांगायला लागले, की हे फक्त इथे असं दिसतंय, छापताना रुंद होईल.

"काऊन रुंद करता?" ते म्हणाले. "असंच छापा ना. खांबाले बरोबर बसते."

मी तसंच नव्याने जुळवलं, तसंच छापलं. पुढच्या महिन्यात शेजारच्या गावाने येऊन 'खांबवालं पत्रक' मागितलं.

*

मिनिमाइझ करून खाली ठेवलेली खिडकी मात्र पंगतीत येत नसे. देवरावभाऊंना ते पटेना. पंगत म्हटली की सगळे आले पाहिजेत, एकाला उपाशी ठेवायचं म्हणजे काय, असा त्यांचा हट्ट. मी परोपरीने समजावलं, की भाऊ, तीच तर सोय आहे, लपवायचं ते खाली ठेवता येतं. पण मालकापुढे कोणाचं चालतं! मी स्क्रिप्टमध्ये आणखी एक ओळ टाकली. आता खाली ठेवलेल्या खिडक्याही आधी उठून वर यायच्या आणि मग पंगत बसायची.

*

त्याच सीझनला एका दुपारी गुलाबभाऊ प्रूफ बघत बसले होते आणि दारातून मधुकरभाऊ आत आले. मी झटकन गुलाबभाऊंचं पत्रक खाली टाकलं. मधुकरभाऊंचं आधीच खाली होतं. स्क्रीन कोरी. दोघं दोन दिशांना तोंडं करून बसले. चहा आला, तरी कोणी बोलेना. देवरावभाऊंना ती शांतता सोसेना. पाहुण्यांना काहीतरी गंमत दाखवावी म्हणून त्यांनी स्वतःच माऊस धरला आणि पंगतीवर डबल क्लिक केलं.

दोन्ही पत्रकं उठली आणि शेजारीशेजारी बसली. डावीकडे नायिका शालूबाई. उजवीकडे नायिका शालूबाई. रात्र तीच, गावं दोन!

मग जे पेटलं! बाई आमची, शब्द आम्हाला दिला, असं दोघंही ओरडत होते. फक्त एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं, यापुढे या दुकानात कागद छापायचा नाही. देवरावभाऊंचा चेहरा पार उतरला. मला फार वाईट वाटलं त्यांचं.

शालूबाई मागच्याच गल्लीत राहायच्या. त्यांना बोलावणं गेलं. हातात भाजीची पिशवी घेऊनच त्या आल्या. दोन्ही पत्रकं त्यांनी सावकाश वाचली, पिशवी टेबलावर ठेवली आणि आधी माझ्याकडे वळल्या.

"ताई, दोन्ही छापा." मग त्या दोघांकडे बघून म्हणाल्या, "गुलाबभाऊ, तुमच्या नाटकात मले पहिल्याच अंकात मारता. मधुकरभाऊ, तुमच्या नाटकात मी हरवलेली, सापडनार तिसऱ्या अंकात. मंधात एक जीप तेवढी पाहिजे."