डाव्या पायाचं पेट्रोल

पाम गावच्या शांतारामांना मशीनमधलं सगळं कळतं. हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं असल्यामुळे शंकेला जागा नाही. बोईसरच्या एमआयडीसीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली. निरोपाच्या दिवशी मिळालेलं ‘शून्य अपघात’चं प्रमाणपत्र त्यांनी बाहेरच्या खोलीत, देवांच्या फोटोंपेक्षा वीतभर वरच लावलंय. त्यांची बायको दमयंती रोज उदबत्ती ओवाळते, तेव्हा धूर देवाला लागून पुढे प्रमाणपत्राकडे जातो. देवाने अजून तक्रार केलेली नाही.

अशा माणसाची गाडी लिटरला नऊ किलोमीटर देत होती.

गाडी जुनीच घेतलेली, दोन वर्षांपूर्वी, तारापूरच्या कॉलनीतल्या एका कारकुनाकडून. पंधराचं ॲव्हरेज देते, असं त्याने सांगितलं होतं. शांतारामांच्या हाती आल्यापासून ती नऊच्या वर गेली नाही, तेव्हा कारकून खोटारडा ठरला. मग पेट्रोलपंपवाला खोटारडा ठरला. मग पेट्रोलात हल्ली काय काय मिसळतात यावर नाक्यावर दोन संध्याकाळी चर्चा झाली. जावई दिग्विजय शिकलेला, त्याने मोबाइलवर बघून टायरमध्ये हवा कमी असल्याचं सांगितलं. हवा भरली. गाडी नऊवरच राहिली, फक्त खड्ड्यात जास्त उडायला लागली.

बोईसरच्या मिस्त्रीने एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, नळीत कसलंसं पाणी सोडून धूर काढला. मागचे लाल दिवे सारखे पेटलेले असतात हे मात्र त्याला पहिल्याच दिवशी दिसलं. ‘स्विच गया है चाचा,’ म्हणून त्याने स्विच बदलला. आठवड्याने मोटरसायकलवाली पोरं पुन्हा शेजारून ओरडत गेली, काका, ब्रेकलाइट चालूच हाय. मिस्त्रीने दुसरा स्विच बसवला. पोरं ओरडतच राहिली. शांतारामांनी काच वर केली. पोरांना काय कळतं मशीनमधलं?

शेवटी त्यांनी जाहीर केलं की इंजिनच म्हातारं झालंय. पालघरचा ललित जुन्या गाड्या घेतो, तो रविवारी येऊन घेऊन जाणार.

दमयंतीच्या हातातला चमचा तिथेच थांबला. तिची मोठी बहीण हंसाताई सफाळ्याच्या पलीकडे, स्टेशनपासून आत एका पाड्याला राहते. दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेली. दर गुरुवारी दमयंती तिच्याकडे जाते, तिला न्हाऊ घालते, वेणी घालते, पेज भरवते. गाडी आली म्हणून हे जमलं. दमयंतीच्या गुडघ्यांना स्टेशनचा जिना झेपत नाही, आणि आतल्या रस्त्याला रिक्षावाले जायला तयार असतात, परत आणायला नसतात. गाडी गेली की गुरुवार गेला. हे तिने शांतारामांना सांगितलं. ते म्हणाले, महिन्यातून एकदा दिग्विजयला सांगू. महिन्यातून एकदा वेणी घालायची म्हणजे हंसाताईचे केस फार समजूतदार असायला हवेत.

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. दमयंतीने पहाटे घट मांडला, कहाणी वाचली, आणि डब्यासोबत हळदकुंकवाची कुयरी पिशवीत टाकली. हंसाताईच्या दारात गाडीचा हा शेवटचा फेरा, गाडीला रिकाम्या कपाळी कसं पाठवायचं?

एरवी कुठेही पोचलं की दमयंती चाकाच्या रबराला बोटं लावून ती छातीशी नेते. सुखरूप आणलं, एवढंच. त्या दिवशी मात्र चाकाच्या मधल्या पत्र्यावर नीट कुंकू लावावं म्हणून तिने बोट टेकलं आणि झटक्यात मागे घेतलं. तव्याला लागावं तसं भाजलं. दुसऱ्या चाकाकडे गेली, तेही तसंच. थंडीचे दिवस, सकाळचे दहा.

हंसाताईची वेणी घालताना तिच्या डोक्यात तेच होतं. गिरणीतून पीठ गरम का येतं? दगडाला दगड घासतो म्हणून. घासल्याशिवाय काही तापत नाही, हे बाईमाणसाला मिस्त्रीने सांगावं लागत नाही. मग गाडी काय घासत येते?

परतताना ती देवाचं नाव घेत खाली मान घालून बसली. नजर शांतारामांच्या पायांकडे होती. उजवा पाय पेट्रोलवर. डावा मधल्या पट्टीवर, मांजर उंबऱ्यावर बसावं तसा निवांत. गिअर टाकायला तेवढा शेजारी जायचा आणि पुन्हा येऊन बसायचा. दोन वर्षं तिने तो तिथेच पाहिला होता. त्याची जागाच ती असेल, असं समजून.

केळवे रोडचं फाटक गेल्यावर तिने विचारलं, “अहो, ती मधली पट्टी कसली?”

“ब्रेक. का?”

“मग पाय कशाला ठेवलाय त्याच्यावर? थांबायचं हाय का कुटं?”

“तयारीत असावं माणसानं.”

“चाकं भाजतायत. एक पाय पळवतोय नि एक धरून ठेवतोय. त्या गाडीनं करायचं तरी काय?”

शांतारामांनी एक खड्डा चुकवला. मग समोर बघत म्हणाले, “पंढरीचा पाय पट्टीवर नव्हता. दोन बोटं गेली त्याची. माज्यासमोर.”

पंढरी त्यांच्या शेजारच्या मशीनवरचा. मशीन बंद करायची पट्टी डाव्या पायाशी असायची. त्या दिवसापासून यांचा पाय पट्टीवरून कधी हलला नव्हता, आणि रिटायर झाल्याचं त्या पायाला कोणी कळवलं नव्हतं.

दमयंतीचा टोमणा ओठावर आलेला होता. तो तिने गिळला.

“पंढरीभाऊ मागं राहिले,” ती म्हणाली. “हिथं मी बसलेय. पामपर्यंत उचलून बघा.”

त्यांनी गिअर बदलला. गाडी पालघरच्या पुढे हलकी धावायला लागली, आणि घरी उतरल्यावर दमयंतीने चाकाच्या पत्र्याला हात लावला तेव्हा तो नुसता कोमट होता. राहिलेलं कुंकू तिने तिथे लावलं.

शांतारामांनी चूक कबूल केली, असं कोणी समजू नये. शुक्रवार-शनिवार ते एकटेच तारापूरपर्यंत फेऱ्या मारून आले. रविवारी ललित आला तेव्हा त्यांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं की दोष सापडला, एअर फिल्टर बसायला जरा वेळ घेतो. चौदा देतेय आता. ललितने मान डोलावली आणि बिस्कीट घेतलं. दमयंतीही आतून ऐकत होती. तिनेही मान डोलावली.

पुढच्या गुरुवारी ती डबा घेऊन गाडीत बसली, तर शांतारामांच्या पायाशी, क्लचच्या डाव्या बाजूला, चिकूच्या लाकडाचा एक ठोकळा स्क्रूने पक्का बसवलेला. वर जुन्या चपलेचं रबर ठोकलेलं. तिने त्याच्याकडे बघितलेलं शांतारामांना दिसलं.

“चटई सरकत होती,” ते म्हणाले, आणि डावा पाय त्यावर ठेवून गाडी सुरू केली.

“बरं झालं,” दमयंती म्हणाली. “चटईचा फार त्रास होता.”