हळदीचे कोंबडे

नणंदेच्या हळदीला कोंबड्याचा रस्सा हवाच, आणि ते कोंबडे पोसायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी पालीकडची शेतकऱ्याची पोर, नागावच्या नारळाच्या वाडीत नुकतीच सून होऊन आलेली. विहिरीमागे खुराडा होता; खाली राख, वर झावळ्या. सकाळी कोंडा, संध्याकाळी भिजवलेल्या कण्या आणि मूठभर सुका जवळा. कोंबडे अंगाने चांगले भरले होते.

हळद दोन दिवसांवर आली आणि कोंबडे मलूल झाले. पाण्यावरून हलेनात. पीत होते, झोकांड्या खात होते, पुन्हा पीत होते. दुपारपर्यंत दोन मेले. सासूबाई माझ्याकडे बघत शेजारणीला म्हणाल्या, "हिचा पाय घरात पडला आन् बघ." म्हणजे लग्नघरात मी पांढऱ्या पायाची ठरणार. भीती वाटली, आणि त्याहून जास्त संताप आला.

त्यांनी मीठ-मोहरी घेऊन खुराड्याची दृष्ट काढली. मी खाद्याच्या थाळीत बोट बुडवून चाटलं. खारट होतं. जवळा संपला म्हणून सासूबाईंनी खाऱ्या बांगड्यांची डोकी कुटून कोंड्यात कालवली होती. मासळीने कुणाचं वाईट होईल हे समुद्रकाठच्या माणसाला पटतच नाही. माझ्या माहेरी लोणच्याचा सांडलेला खार टिपून एक कोंबडी अशीच पाणी पीत पीत गेली होती. इथे तर वाडीतली विहीरही वैशाखात मचूळ. मीठच मारत होतं आणि या मीठच ओवाळत होत्या.

"आत्या, यांना मीठ बाधलंय. गोडं पाणी पाजायला हवं," मी सासूबाईंना म्हटलं.

गोडं पाणी गावाबाहेरच्या विहिरीवरून डोक्यावर आणून लग्नासाठी पिंपात साठवलेलं. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "मानसांना पुरायचं न्हाय, आन् कोंबड्यांना पाजतेस? मरायच्या आत समदे कापून टाक."

"आज कापले तर हळदीला काय वाढाल? माझे पांढरे पाय?" मी बोलून गेले आणि त्यांच्या कडेने आत शिरून पिंपात तांब्या बुडवला.

ते खाद्य मी पुरून टाकलं. घोट घोट पाणी पाजत राहिले. दिवेलागणीला आणखी एक गेला. सासूबाई ओटीवर बसून नुसत्या बघत होत्या. सकाळी खुराड्याकडे जायचा धीर होईना. तेवढ्यात आतून आरवणं आलं, घोगरं, पण आरवणंच. मी चुलीपुढे बसून रडले.

हळदीला रस्सा झाला. आपण काढलेली दृष्ट कशी लागू पडली, हे सासूबाई पंगतीत ज्याला त्याला सांगत होत्या. माझा जीव नुसता जळत होता. सगळ्यांच्या मागून मी स्वयंपाकघरात जेवायला बसले, तेव्हा त्या आल्या, पातेल्यातून शोधून कलेजी काढली आणि माझ्या ताटात वाढली.

"कोंबड्यांचं हिथून पुढं तूच बघ," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "माझा हात खारट हाय."