पडद्यावरची पाठ

चुलतसासूने माझे दोन्ही हात शाळेच्या पायरीवर आपटले. बांगड्या फुटल्या, काच मनगटात गेली. मग तिने पदराने माझं कुंकू पुसलं. ती विधवा, म्हणून हे काम तिच्याकडेच यायचं. मागे पडद्यावर सिनेमा चालूच होता.

सरकारची सिनेमाची गाडी खाली कापडे गावात आली होती. शाळेपुढे दोन बांबूंना चादर ताणून बांधली होती. आम्ही डोंगरातल्या वाडीवरून दिवस असतानाच उतरलो. आधी कोंबड्या कशा पाळायच्या ते दाखवलं.

"माझी कोंबडी हिच्यापेक्षा बरी हाय गो," शेजारीण म्हणाली. "तिलाच घाला रे पडद्यावर!"

सगळे हसले. मग मुंबई आली. मुंबई आपल्याला मिळावी म्हणून त्या वर्षी मोर्चे निघत होते. शिमग्याच्या आधी गोळ्या चालल्या, एवढं आमच्या कानावर होतं. सिनेमातला आवाज सांगत होता की हे गुंड आहेत, दगड यांनी आधी मारले, पोलिसांचा नाइलाज झाला. एक माणूस आमच्याकडे पाठ करून पळताना दिसला. सदऱ्यावर खांद्याखाली ठिगळ होतं, लुगड्याच्या काठासकट. ते लुगडं माझं, सदरा मुंबईला गिरणीत असलेल्या माझ्या नवऱ्याचा, ठिगळ मी लावलेलं. माणूस पडला तो उठला नाही.

"आमचेच हायत ते!" मी ओरडले.

सासूने छाती बडवली. एक म्हातारा म्हणाला, "गुंडांच्या नादाला लागला म्हनायचा. सरकार खोटं कशाला दावंल?"

"आधी काय झालं आणि मग काय, ते सिनेमा जोडणारा ठरवतो," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुमी गप ऱ्हावा. हितं मानूस गेलाय," म्हातारा खेकसला.

पडद्यावर पळणाऱ्याच्या हातात दगड होता. मी पाहिला, नाही म्हणणार नाही. पण गोळी त्याला पाठीत लागली. अंगावर येणाऱ्या माणसाला गोळी पाठीत लागत नाही. एवढं कळायला चौथीपुढची शाळा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सासरा महाडपर्यंत चालत गेला आणि तिथून मुंबईला. मी कोपऱ्यात बसून राहिले. धाकटी जाऊ मला पेज भरवायची. तिचा नवरा, माझा दीर, माझ्या नवऱ्याबरोबर मुंबईत एकाच खोलीत राहायचा.

"खा गो बाय, अंगावर पोर हाय तुझ्या," ती म्हणायची. मग स्वतःच चिडायची. "आमच्यांनी भावाला आवरायला नको? येऊ दे, बघतेच."

पाचव्या दिवशी सासरा आला. त्याच्या मागून माझा नवरा चालत आला.

मुंबईतली ती खोली आमच्या अख्ख्या वाडीची. वीस गडी पाळीपाळीने झोपायचे. खिळ्यावर जो बरा सदरा असेल तो बाहेर जाणारा घालायचा, सदरा कोणाचा हे कोणी विचारत नसे. त्या दिवशी दिराने माझ्या नवऱ्याचा सदरा घातला. तो परत आला नाही, तेव्हा खोलीतल्यांना वाटलं, घाबरून गावी पळाला. आम्हाला वाटत होतं, तो मुंबईत आहे. शिमग्याला गिरणीतून कोणाला रजा मिळाली नव्हती आणि पत्र लिहायची कोणाला सवय नव्हती. तीन महिने दोन्हीकडे सगळे निर्धास्त. सासऱ्याला इस्पितळात एक कागद वाचून दाखवला. त्यात नाव नव्हतं, ठिगळाचा सदरा लिहिला होता. प्रेत बेवारशी म्हणून केव्हाच जाळलं होतं.

नवऱ्याला पाहून मला आनंद झाला. जाऊ समोर उभी होती, तरी झाला. तिने सासऱ्याच्या मागे वाटेकडे पाहिलं. आणखी कोणी येत नव्हतं. चुलतसासू पुन्हा उठली आणि या वेळी तिने जावेचे हात धरले.

जाऊ तेव्हा एकोणीस वर्षांची होती. माझा नवरा पुढे तीस वर्षं जगला. आता मी आहे आणि ती आहे.